साक्षी थोडे असता

एखादी गोष्ट करावयाची झाली म्हणजे ती ज्यांनी आधी केली आहे त्यांस विचारावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. विहिरीस जागा ठरवावयाची असो, बैल विकत घ्यावयाचा असो, की मुलीसाठी स्थळ पाहावयाचे असो, चार जाणत्यांचे मत घेतल्यावाचून आपण पाऊल उचलीत नाही. ही रीत शहाणपणाची आहे यात संशय नाही. परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले असते. विचारण्यासाठी चार जाणते उपलब्ध आहेत, असे ती धरून चालते. ते नसले तर काय करावे? दोघेच असले, आणि त्या दोघांचे परस्परांशी जुळत नसले, तर कोणाचे ऐकावे? आणि कोणीच नसले, तर ती वाट वाईट म्हणून सोडावी काय? हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. तथापि थोडे खोल गेले असता तो ज्ञानाचा आणि नीतीचाही प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. महाविद्यालयात इतिहास, तत्त्वज्ञान, वाङ्मय, राज्यशास्त्र यांसारखा मानव्यविद्येचा अभ्यासक्रम निवडू पाहणाऱ्या तरुणापुढे तो आज फार उघडेपणाने उभा राहतो.

विचार हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे धरू. मंचेरियल हे गोदावरीच्या उत्तर तीरावरचे, काझीपेठ–बल्लारशा लोहमार्गावरचे गाव. २०१६ सालच्या ऑक्टोबरापर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते; त्यानंतर ते स्वतःच्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. भोवती मंदमर्री, बेल्लमपल्ली, श्रीरामपूर असा सिंगरेणीच्या कोळसा खाणींचा मुलूख पसरला आहे. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानच्या, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मराठी मुलखास जोडला गेला, आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे भागही तिकडे गेले, आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले. सीमा अशा वारंवार हलल्या. माणसे मात्र जेथे होती तेथेच राहिली. त्यामुळे या पट्ट्यात घरी मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी-उर्दू आणि परीक्षेत इंग्रजी अशी चौपदरी भाषा वागविणारी कुटुंबे आजही आहेत. सीमेवरच्या अशा घरांची गोष्ट आमच्या कोकणी वाचकांस निराळी समजावून सांगावयास नको.

अशा घरातील एखादी मुलगी बारावी उत्तीर्ण होते आणि म्हणते, मला इतिहास शिकावयाचा आहे. तिच्यापुढे ढोबळमानाने दोन वाटा असतात. एक, मंचेरियलमध्येच राहून वरंगळच्या काकतीय विद्यापीठाची पदवी घेणे. हे विद्यापीठ १९७६ साली स्थापन झाले. दुसरी, आगगाडीने उत्तरेस जाऊन चंद्रपुरात मराठी माध्यमातून शिकणे. तेथील महाविद्यालये २०११ पासून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाखाली आहेत. पहिल्या वाटेने गेलेले लोक भेटतात, पण त्यांत मराठी घरचे विरळा. दुसऱ्या वाटेने गेलेले मराठी असतात, पण ते गोदावरीकाठचे नसतात. शिष्यवृत्तीचे नियम, वसतिगृहाची सोय, परतीची गाडी यांविषयी त्यांस हिच्या दृष्टीने काहीच सांगता येत नाही. म्हणजे साक्षी मुळात थोडे, आणि जे आहेत त्यांतला एकही हिच्या जागी उभा राहिलेला नाही.

तेलंगणात २०१६ पासून पदवीचे प्रवेश एका सामाईक व्यवस्थेतून होतात. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'दोस्त' असा शब्द साधला आहे. विद्यार्थ्याने महाविद्यालये व विषयगट पसंतीच्या क्रमाने लिहावे, आणि गुणांनुसार जागा मिळावी, अशी तिची रचना. प्रवेशाचे काम सुटसुटीत आणि उघड व्हावे हा तिचा हेतू रास्त आहे. पण खरा दोस्त जे सांगतो ते या दोस्तास सांगता येत नाही. यादीत महाविद्यालयाचे नाव असते, विषयगट असतो. इतिहासाचा तास खरोखर होतो की नाही, शिकविणारा माणूस वर्गात प्रश्न विचारू देतो की नाही, हे त्या यादीच्या कक्षेबाहेरचे आहे. पसंतीचा क्रम मात्र त्याच्यावाचूनच लावावा लागतो.

आता प्रथम हे पाहू, की या विषयांबद्दल साक्ष इतकी थोडी का असते. खाणीच्या गावात यंत्रविद्या शिकलेला मनुष्य ठळकपणे दिसतो. तो सकाळी पाळीवर जातो, त्याचा पगार गल्लीस ठाऊक असतो. परिचारिका झालेली मुलगी रुग्णालयात दिसते. त्यांचे असणे हीच त्यांची साक्ष. इतिहास वा वाङ्मय शिकलेल्याचे तसे नाही. तो शिक्षक झाला, कचेरीत लागला, वकिलीकडे वळला, वृत्तपत्रात गेला, किंवा दुकान सांभाळू लागला. त्याच्या अंगावर त्याच्या विद्येचा गणवेश नसतो. पुष्कळदा तो गाव सोडून गेलेला असतो. आणि जो गावात राहिला त्यास कोणी विचारतही नाही. तात्पर्य, साक्ष कमी असण्याची कारणे या विद्येच्या गुणदोषांत नसून ती विद्या समाजात कशी विखुरते यात आहेत.

येथे आपल्या मीमांसकांनी केलेला एक सूक्ष्म भेद उपयोगी पडतो. कुमारिलाच्या परंपरेत 'अनुपलब्धी' हे अभाव जाणण्याचे एक स्वतंत्र प्रमाण मानले आहे. टेबलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही, हे ज्ञान खरे. पण त्यास एक अट आहे: घट तेथे असता तर तो दिसलाच असता, अशी स्थिती पाहिजे. उजेड पाहिजे, डोळे धड पाहिजेत, आणि वस्तू दिसण्याजोगी पाहिजे. अंधारात घट दिसला नाही यावरून काहीच ठरत नाही. हीच अट आपल्या प्रश्नास लावून पाहा. एखाद्या अभ्यासक्रमाविषयी कोणी चांगले बोलत नाही, यावरून तो चांगला नाही असे ठरवावयाचे असेल, तर तो चांगला असता तर कोणीतरी बोललेच असते, हे आधी सिद्ध झाले पाहिजे. शंभर विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात आणि त्यांतील कित्येक गावातच असतात, अशा ठिकाणी मौन अर्थपूर्ण होय. बारा विद्यार्थ्यांचा वर्ग, त्यांतील दहा गाव सोडून गेलेले, अशा ठिकाणचे मौन म्हणजे केवळ अंधार. अंधारास दोष म्हणणे हा तर्काचा अपराध आहे, आणि त्या तर्कावर कोणाचे तरी आयुष्य ठरत असेल, तर तो अन्यायही आहे.

जी थोडी साक्ष मिळते तिचे वजन करण्यातही आपण चुकतो. समजा, चाळीसांच्या वर्गातील तिघे बोलले. दोघांनी बरे म्हटले, एकाने वाईट. आपण म्हणतो, बहुमत अनुकूल आहे. पण त्या दोघांतील एकाचे मत फिरले की तेच बहुमत प्रतिकूल होते. तीनशे माणसे बोलली असती, तर एकाच्या मतबदलाने काही हलले नसते. शिवाय सदतीस जण गप्प आहेत, आणि बोलणारे तिघे त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत. बहुधा ज्यास फार आनंद झाला तो बोलतो, किंवा ज्याचे फार बिनसले तो बोलतो. ज्याने तीन वर्षे शांतपणे वाचले, थोडे समजले, थोडे राहिले, तो कशास बोलेल? आणि बहुतेकांचा अनुभव या शेवटच्या प्रकारचाच असतो. याखेरीज कालाचा प्रश्न आहे. सरकारी महाविद्यालयांत अध्यापकांच्या बदल्या होतात. पाच वर्षांपूर्वी ज्या वर्गाविषयी कोणी बोलत आहे, तो वर्ग आज त्या नावाने चालू असला तरी कदाचित निराळाच असेल. म्हणून थोड्या साक्षींची बेरीज-वजाबाकी करणे व्यर्थ आहे. संख्या जेथे लहान असते तेथे मोजणे सोडून पारखणे सुरू केले पाहिजे.

पारखावे कसे? याविषयी न्यायशास्त्राइतके नेमके मार्गदर्शन अन्यत्र क्वचितच सापडेल. गौतमाने शब्दप्रमाणाची व्याख्या करताना आप्ताच्या उपदेशास प्रमाण मानले. आता आप्त म्हणजे कोण? व्यवहारात आपण हा शब्द नातलगांस लावतो, आणि तेथेच घोटाळा होतो. भाष्यकार वात्स्यायनाच्या विवेचनाप्रमाणे, ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेनेच जो बोलतो, तो आप्त. विशेष हे, की ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो, हे लक्षण सर्वांस समान लागू आहे, असे तो स्पष्ट करतो. कुळ, वय, मान यांचा आप्तपणाशी संबंध नाही. जाणणे आणि खरे सांगण्याची इच्छा, एवढ्यावरच तो उभा आहे.

ही कसोटी हाती घेऊन आपल्या त्या मुलीच्या घरात बसलेल्या सल्लागारांकडे पाहा. काका म्हणतात, कला शाखेत काही अर्थ नाही. काकांचे प्रेम निर्विवाद आहे, पण त्यांनी इतिहासाचा एकही वर्ग पाहिलेला नाही. पहिले लक्षण तेथे लागत नाही. महाविद्यालयाचा माहितीपत्रकवाला मनुष्य म्हणतो, आमच्याकडे सर्व काही उत्तम आहे. त्याने वर्ग पाहिला आहे, पण रिकाम्या राहणाऱ्या जागांची त्यास चिंता आहे. दुसऱ्या लक्षणाविषयी शंका घेणे भाग आहे. शेजारची एक मुलगी दोन वर्षांमागे तेथून पदवी घेऊन आली. ती फारशी हुशार म्हणून प्रसिद्ध नाही, तिच्या मतास घरात कोणी किंमत देत नाही. परंतु तिने पाहिले आहे, आणि खोटे सांगून तिला काही मिळावयाचे नाही. शास्त्राच्या दृष्टीने त्या खोलीतली आप्त तीच.

मात्र तिला योग्य तो प्रश्न विचारला पाहिजे. 'अभ्यासक्रम कसा आहे?' असे विचारले तर ती 'बरा आहे' म्हणेल, आणि त्यातून काही हाती लागणार नाही. कारण 'बरा' हा तिचा निष्कर्ष आहे आणि निष्कर्ष तिच्या स्वभावातून येतो. तिला जे दिसले ते विचारावे. आठवड्यात किती तास खरोखर झाले? वर्षभरात किती निबंध लिहिले, आणि ते तपासून परत मिळाले काय? नेमलेले मूळ पुस्तक कोणी वाचले, की बाजारातील मार्गदर्शिकेवर सर्वांनी भागविले? ग्रंथालयातून पुस्तक घरी नेता येते काय? वर्गात एखाद्याने अध्यापकांच्या मताविरुद्ध प्रश्न विचारला, तेव्हा पुढे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे रुची-अरुचीवर अवलंबून नाहीत. अशी पाच उत्तरे देणारा एक साक्षी, नुसत्या स्तुतीच्या पन्नास उद्गारांपेक्षा अधिक मोलाचा असतो. साक्षी थोडे असले तरी साक्ष पुष्कळ मिळविता येते, ती या रीतीने.

शब्दप्रमाण तोकडे पडले तर प्रत्यक्षाकडे वळावे. विद्यापीठाने नेमलेला अभ्यासक्रम वाचावा. मागील दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून पाहाव्यात. अभ्यासक्रम काय शिकवू इच्छितो ते त्याच्या मसुद्यात असते, पण तो खरोखर कशास मान देतो ते प्रश्नपत्रिकेत दिसते. सनावळ्या आणि टीपाच विचारल्या असतील तर एक अर्थ. एखाद्या घटनेची कारणे तोलावयास सांगितली असतील तर दुसरा. शक्य असेल तर अनुज्ञा मागून एक तास मागच्या बाकावर बसावे. आणि नेमलेल्या पुस्तकांपैकी एकाची वीस पाने घरी शांतपणे वाचावीत. ती वाचताना पुढची पाने वाचावीशी वाटली, तर ती साक्ष दुसऱ्या कोणाकडून आणावी लागत नाही.

इतके करूनही एक अडचण शिल्लक राहते, आणि ती या प्रश्नाचा गाभा आहे. प्लेटोच्या 'प्रोटागोरस' या संवादात हिपॉक्रेटिस नावाचा एक उतावीळ तरुण पहाटेपूर्वीच सॉक्रेटिसाचे दार ठोठावतो. प्रसिद्ध पंडित प्रोटागोरस गावात आला आहे आणि त्याच्याजवळ शिकावयाचे आहे, म्हणून तो अधीर झालेला असतो. सॉक्रेटिस त्यास सावध करतो. खाण्यापिण्याचा जिन्नस विकत घेतला तर तो भांड्यात घालून घरी नेता येतो, जाणत्यास दाखविता येतो, मग खावयाचा की नाही ते ठरविता येते. विद्येचे तसे नाही. ती नेण्यास निराळे भांडे नसते. ती घेतली की थेट आत्म्यात उतरते, आणि मनुष्य बरा किंवा वाईट होऊनच परततो. चोवीस शतकांपूर्वीचा हा इशारा आजही तंतोतंत लागू आहे. अभ्यासक्रम हा वापरून परत करण्याचा जिन्नस नव्हे.

यापुढे जाऊन एल. ए. पॉल या अमेरिकन तत्त्वचिंतक बाईंनी २०१४ सालच्या आपल्या ग्रंथात एक अधिक अवघड मुद्दा मांडला. काही अनुभव असे असतात, की ते घेण्यापूर्वी त्यांची चव कळत नाही, आणि घेतल्यानंतर मनुष्याच्या आवडीनिवडीच पालटतात. मग निवडताना कोणाची आवड प्रमाण धरावी, आजच्या आपली की उद्याच्या? मानव्यविद्येचे शिक्षण काही अंशी या जातीचे आहे. तीन वर्षांनी निवाडा देणारी मुलगी, आज प्रवेशपत्रिका भरणाऱ्या मुलीहून निराळी असेल. त्या अभ्यासानेच ती घडलेली असेल. या विद्येची फळे पदवीच्या दिवशी पिकतातच असेही नाही. वयाच्या विशीत नीरस वाटलेला एखादा ग्रंथ चाळिशीत एखाद्या दुःखाच्या वेळी उलगडतो. म्हणून ताज्या पदवीधराची साक्ष प्रामाणिक असूनही अपुरी असणारच. साक्षींची टंचाई नाहीशी झाली तरी ही अपुरेपणाची उणीव भरून येणार नाही.

यावरून निवड म्हणजे निव्वळ जुगार, असे मात्र आम्ही म्हणत नाही. निवडीचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. अंतर, खर्च, वसतिगृह, माध्यम, तासांची नियमितता, पुढील परीक्षांची पात्रता, या बाबी बाहेरच्या आहेत. त्यांविषयी कठोरपणे चौकशी करावी, कारण त्यांत चौकशीने उत्तर मिळते. या विद्येने मी कोण होईन, हा भाग आतला आहे. त्याचे उत्तर हजार साक्षीदारही देऊ शकणार नाहीत. तेथे मनुष्याजवळ एकच खूण असते: आज, कोणी न सांगता, आपले मन कोणत्या प्रश्नाकडे पुनःपुन्हा जाते. सीमेच्या अलीकडे आपण कसे राहिलो आणि राजुरा पलीकडे कसे गेले, असे जिला जेवताना विचारावेसे वाटते, तिने इतिहासाचे दार आधीच ठोठावले आहे. घोटाळा होतो तो या दोन भागांची अदलाबदल केल्याने. बाहेरच्या गोष्टी आपण 'होईल ते होईल' म्हणून सोडतो, आणि आतल्या गोष्टीसाठी गल्लीतल्या मतांची गणती करतो.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळणे योग्य नाही. हे सर्व सुखवस्तू घरांस ठीक. ज्या घरात खाणीतील एका मजुरीवर पाच माणसे जगतात, तेथे तीन वर्षे ही केवढी रक्कम आहे! अशा घराने ठाऊक असलेल्या वाटेनेच जाणे शहाणपणाचे नव्हे काय? हा आक्षेप खरा आहे. ज्याच्याजवळ पडल्यावर उठण्याची सोय नाही, त्यास धाडसाचा उपदेश करणे हे उपदेशकाचे निर्दयपण होय. म्हणून आम्ही उडी घे असे सांगत नाही. परतीची वाट आधी पाहा असे सांगतो. पहिल्या वर्षानंतर विषय बदलता येतो काय? विषयगटात रोजगारास उपयोगी असा एखादा विषय घेता येतो काय? नोकरी सांभाळून शिकण्यासाठी हैदराबादचे मुक्त विद्यापीठ १९८२ पासून आहे. आज ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी चालते. अशा गोष्टी ठाऊक झाल्या की अज्ञात वाटेचे भय अर्धे उरते. परंतु आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ठाऊक असलेली वाट सुरक्षित असतेच असे नाही. ती केवळ ठाऊक असते. ज्या विषयात मन नाही त्यात गरिबाचे मूलही नापास होते, आणि त्याचे नुकसान अधिक होते. आणि साक्षी नाहीत म्हणून गरिबांच्या मुलांनी इतिहास, तत्त्वज्ञान, वाङ्मय सोडून दिले, तर या विद्या केवळ सुखवस्तूंच्या हाती राहतील, आणि खाणीतल्या माणसांचा इतिहास पुढेही दुसरेच लिहितील.

पूर्वी हा प्रसंग कोणावर आला नव्हता काय? मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या बी. ए. परीक्षेत १८६२ साली पहिले चौघे उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांनी कोणास विचारले असेल? त्या पदवीचा एकही पदवीधर त्यांच्यापुढे नव्हता. प्रत्येक विद्येस एक पहिली तुकडी असते, आणि तिच्यापुढे साक्षी नसतात. गोव्यात कोकणीचा उच्च अभ्यास ज्यांनी प्रथम पत्करला, त्यांचीही गोष्ट हीच.

याहून बोलका दाखला साखवाळच्या धर्मानंद कोसंबींचा. त्यांचा जन्म १८७६ सालचा. 'बालबोध' नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले, आणि बौद्ध धर्म मुळातून शिकण्याची ओढ लागली. त्यांच्याजवळची साक्ष ती केवढी! मुलांसाठी लिहिलेला एक लेख. पाली शिकावी कोठे, शिकवितो कोण, शिकलेले कोण आहे, हे गावात सांगणारे कोणी नव्हते. १८९९ च्या सुमारास ते घराबाहेर पडले. पुण्यात त्यांनी भांडारकरांची भेट घेतली, काशीत अन्नछत्रावर राहून संस्कृत शिकले, बौद्ध धर्म पाहावा म्हणून नेपाळात गेले आणि तेथे निराश झाले. मग बोधगयेच्या बाजूस मिळालेल्या माहितीवरून सिंहलद्वीपाची वाट धरली, आणि १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ त्यांस हवी ती विद्या मिळाली. पुढे १९१२ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले.

या चरित्रातून 'धाडस करा, यश येईल' असा बोध काढणे सोपे आहे. पण तो पुरता प्रामाणिक नाही. धर्मानंदांची हकीकत आपणांस ठाऊक आहे, कारण ते पोहोचले आणि त्यांनी 'निवेदन' लिहिले. जे अर्ध्या वाटेत थांबले त्यांची आत्मचरित्रे छापली गेली नाहीत. म्हणून त्यांच्या यशापेक्षा त्यांच्या रीतीकडे पाहणे अधिक उपयोगाचे. त्यांनी थोडी साक्ष थोडीच मानली. प्रत्येक मुक्कामी पुढची चौकशी केली, नेपाळात आपला समज चुकीचा ठरला तेव्हा तो सोडला, पण मूळ ओढ सोडली नाही. आणि भांडारकरांचा दुवाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्याच्यापुढे वाट दाखविणारा पदवीधर नव्हता, तोच पुढे पुण्यात वाट विचारीत आलेल्या तरुणास भेटू शकला. एकाचे साक्षीविना चालणे ही दुसऱ्याची साक्ष झाली.

येथे आमच्या मते या प्रश्नाचा नैतिक भाग येतो, आणि तो निवडणाऱ्याहून निवडून गेलेल्यांवर अधिक पडतो. आपल्या परंपरेने मनुष्यावर जन्मतः तीन ऋणे सांगितली. त्यांतील ऋषिऋण हे विद्येने फिटते. शिकलेल्याने आपण काय शिकलो, कोठे शिकलो, काय मिळाले आणि काय उणे राहिले, हे मागून येणाऱ्यास सांगणे, हा त्या ऋणाचाच हप्ता आहे. तो आपण बहुधा चुकवितो. पदवी मिळाली की महाविद्यालयाचे दार मागे पडते, आणि पुढील वर्षी त्याच दारात नवे मूल तोच प्रश्न घेऊन उभे राहते. ज्याने पाहिले आणि सांगितले नाही, त्याने खोटे सांगितले नाही हे खरे. परंतु त्याच्या मौनाची जागा माहितीपत्रकाने आणि काकांच्या मताने भरून निघाली, याची थोडी जबाबदारी त्याच्याकडे येतेच.

त्यासाठी मोठा खटाटोप नको. प्रत्येक पदवीधराने एक पान लिहावे. त्यावर वर्ष घालावे, म्हणजे साक्ष कोणत्या काळची हे कळेल. जे पाहिले ते आधी लिहावे आणि जे वाटले ते नंतर, वेगळे. रागाच्या भरात लिहू नये, आणि कृतज्ञतेच्या भरातही लिहू नये. कोणाचे नाव घेऊन त्याची निंदा करू नये. आपण कोणत्या घरून, कोणत्या भाषेतून आलो हे सांगावे, म्हणजे वाचणाऱ्यास आपले आणि त्याचे अंतर मोजता येईल. असे पान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वा गावच्या वाचनालयात एका जाड वहीत चिकटवून ठेवावे. दहा वर्षांत त्या वहीत जे जमेल ते कोणत्याही जाहिरातीत मिळणार नाही. अध्यापकांसही आमची विनंती आहे, की ही वही आपल्यावरील आरोपपत्र समजू नये; जो वर्ग चांगला चालतो त्याची आजची अवस्था हीच आहे, की त्याचे चांगलेपण कोणास ठाऊक नाही.

आणि जे वडीलधारे आज सल्ला देण्याच्या जागी आहेत, त्यांच्यासाठी एवढेच. ज्याविषयी आपणांस ठाऊक नाही त्याविषयी 'मला ठाऊक नाही' असे मुलांपुढे म्हणावे. हे तीन शब्द उच्चारण्याने वडीलपण कमी होत नाही. उलट त्या शब्दांनंतर 'चल, विचारून पाहू' असे म्हणता येते, आणि मुलीबरोबर आगगाडीने चंद्रपुरास जाऊन, किंवा गावातल्याच महाविद्यालयाच्या फाटकात उभे राहून, एक दिवस चौकशीत घालविता येतो. साक्षी थोडे असता निर्णय घेणे कठीण आहे. तो एकट्याने घ्यावा लागू नये, इतके तरी आपल्या हाती निश्चित आहे.